पडवीतला ठिपका

काकी,

काल दुपारी विलास तुझा फोन ग्रंथालयात माझ्या टेबलावर ठेवून गेला आणि तेव्हापासून मी घाबरलेली आहे. तुला हे सांगायची मला लाज नाही. मी कशाकशाला घाबरते याची यादी तुझ्याइतकी कुणालाच पाठ नव्हती. होडीत पाय ठेवायला, अमावस्येच्या उधाणाला, पाटीतल्या जिवंत कुर्लीच्या नांग्यांना. "घाटाखालचा चेडू, पाण्याक भियाता," असं या पोरीबद्दल तू साऱ्या वाडीला सांगून ठेवलं होतंस. त्यात आता तुझ्या फोनची भर पडली. निळ्या कव्हरचा, एका कोपऱ्यावर तडा गेलेला, अजून मासळीचा वास येणारा एवढासा फोन.

तुला जाऊन काल सोळा दिवस झाले. दिवसकार्य होईपर्यंत विलास घराबाहेर पडला नव्हता. काल आला तो दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला, पण खुर्चीवर काही टेकला नाही. या बाबतीत तुझ्यावरच गेलाय.

"बाई, आयेचो फोन उघडना नाय," तो म्हणाला. "रेषा मारूची आसा, ती माका ठावक नाय. तुमका म्हायत आसतली."

मला माहीत होती.

"उद्या दर्यात जातंय. तेच्या आधी जमला तर बगा." मग म्हणाला, "घाई नाय तशी."

आणि गेला. फोन कशासाठी उघडायचाय, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला जे ऐकायची भीती वाटत होती ते तो बोलला असता तर मी काय करणार होते?

तुझ्या बोटांचं आणि फोनचं कधी पटलं नाही. चाळीसेक वर्षं मासळी कापून आणि मिठात हात घालून तुझ्या बोटांची कातडी अशी झाली होती की ठसाच उमटेना. दहा वेळा टेकवलंस, दहा वेळा फोनने नाही म्हटलं. "ह्याका मी माणूस वाटणा नाय," म्हणालीस. मग आपण नऊ ठिपक्यांवर रेषा ओढायचं ठरवलं. डावीकडून सरळ खाली, तळाने आडवं, उजवीकडे सरळ वर. "ही होडी," तू म्हणालीस, आणि पुन्हा कधी चुकली नाहीस. मी बजावलं होतं की ही रेषा कुणाला दाखवायची नाही, अगदी विलासलाही नाही. फसवणारे फोन येतात, म्हणून मी फोन शिकवायच्या वर्गात सगळ्यांनाच हे सांगते. बाकीचे घरी जाऊन पहिलं काम म्हणजे नातवंडांना सांगून टाकतात. तू एकटीने ते पाळलंस. म्हणून तुझ्या मुलाला तुझा फोन घेऊन माझ्याकडे यावं लागलं.

आपल्या वर्गाची तू भारी टिंगल करायचीस. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी जेवणं आटपल्यावर, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. सुरुवात झाली ती भाऊ मास्तरांच्या हयातीच्या दाखल्यापासून. त्यांना पेन्शनसाठी फोनसमोर चेहरा धरून डोळे मिचकवायचे होते, आणि मास्तर जन्मभर पोरांवर डोळे वटारत आलेले, त्यांना मिचकवणं जमेना. फोन काही त्यांना जिवंत धरायला तयार होईना. तू तेव्हा मला बांगडे द्यायला आली होतीस. दारातून बघून म्हणालीस, "मास्तरांनु, मेलास काय?" आणि मास्तर हसले, हसताना डोळे मिटले आणि दाखला झाला. पुढच्या मंगळवारी तू पाटी बाहेर ठेवून आत येऊन बसलीस. जमिनीवर.

वर्गात येणारा प्रत्येक जण भीती घेऊनच येतो. एक चुकीचं बटण दाबलं तर काहीतरी कायमचं जाईल, ही भीती. तुझी शेजारीण शेवंती फोन रुमालात गुंडाळून आणायची आणि बोट लावण्याआधी एकदा माझ्याकडे बघायची. तूच एक बेधडक. "सुरमय कापताना हात कापलो म्हणान सुरमय कापूची थांबवलंय काय मी?" आवाज पाठवायला शिकवला त्या दिवशी तू फोन तोंडाशी धरून सरळ देवाला गाऱ्हाणंच घातलंस, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा फोन शिकूक बसलीसत." खोलीतल्या सगळ्यांनी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं, अगदी मास्तरांनीसुद्धा. ते विलासला गेलं. त्याने ते होडीत ऐकलं आणि होडीतले चौघेही "व्हय म्हाराजा" म्हणाले, असं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तू आठवडाभर खूश होतीस.

मी मात्र तुला मासळीवरून ओळखते. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ताजा मासा ओळखता येत नव्हता. माझं माहेर वैभववाडीकडचं, आमच्याकडे नदीतलं काय मिळेल ते. तू पाटी उतरवायचीस, माझ्या हातात बांगडा द्यायचीस आणि म्हणायचीस, "कल्ले उघडून बग. लाल आसत तर घे. मी सांगतंय म्हणान घेव नको." वर्षभर मी चुकत होते. मी एवढ्या वेळा चुकले तरी तू मला इतर बायकांसमोर कधी हसली नाहीस. टोमणे मारलेस, पुष्कळ मारलेस, पण दोघीच असताना. हे मला आत्ता आठवतंय, म्हणजे फार उशिरा आठवतंय.

आणि त्याच पहिल्या वर्षातली ती सकाळ. मी बंदरावर सहज आलेली, विलास कोवळा पोरगा, जाळं खांद्यावर घेऊन होडीकडे चाललेला. मी आपली ओळख वाढवावी म्हणून विचारलं, "काय रे, कुठे चाललास?" तो जागच्या जागी थांबला. वळला आणि घरी गेला. त्या दिवशी तुमची होडी पाण्यात उतरली नाही. संध्याकाळी तू माझ्या दारात आलीस, पाटी नव्हती डोक्यावर.

"जाणाऱ्याक खंय चललंस इचारूचा नसता," एवढंच म्हणालीस. ओरडली नाहीस. मी घरी आजीकडून असलं काही ऐकलं होतं, पण आमच्याकडे कुणी त्यासाठी दिवसभराचं काम बुडवत नसे. मी मनातल्या मनात हसले होते, काकी. आज कबूल करते.

म्हणून तर ती ठिकाण पाठवायची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी होड्या परतायला उशीर झाला होता आणि तू दुपारभर वाळूत बसून होतीस. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, काकी, फोनवर सोय आहे. विलासने निघताना एक बटण दाबलं की तो कुठे आहे ते तुला नकाशावर दिसेल, निळा ठिपका. तो हलेल तसा ठिपका हलेल. आठ तास दिसतं.

तू फोन खाली ठेवलास. "म्हणजे तेका खंय आसंस इचारूचा काय?"

"विचारायचं नाही गं. नुसतं बघायचं."

"बगणा म्हणजे इचारणाच."

मी हसले, आणि या वेळी मनातल्या मनात नाही. तेव्हा तू मला तुझ्या धाकट्या दिराबद्दल सांगितलंस. तू नवी नवरी, तोंडवळीकडून आलेली, आठ दिवस झालेले. दीर पहाटे निघाला आणि तू हसत विचारलंस, "भावजीनु, खंय चललात?" तो हसला, गेला, आणि त्याची होडी आली नाही. घरात तुला कुणी बोल लावला नाही. सासूने पुढे कधी तो विषयही काढला नाही. "पन्नास वर्सा झाली. कोणी काय बोलूक नाय," तू म्हणालीस. "मी मात्र मोजीत रवलंय."

मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, "काकी, वादळ काही तुझा प्रश्न ऐकून येत नाही." बरोबरच होतं ते. आजही बरोबर आहे. पण पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट माणूस पहिल्यांदा बाहेर काढतं, त्यावर असं बरोबर बोलायचं नसतं.

तरी मी ते तुला शिकवलंच. माझा हट्ट. विलासला गाठून सांगितलं की निघताना पाठवत जा, आईला बरं वाटेल. त्याने मान डोलावली. आणि मग तू दर वेळी चुकू लागलीस. वर्गात मी म्हणायचे, विलासचं ठिकाण उघड. तू काहीतरी दाबायचीस आणि त्याचं दिसण्याऐवजी तुझंच ठिकाण त्याला जायचं. ग्रंथालय, मागची खोली, आठ तास. एकदा, दोनदा, पाचदा. मी कागदावर चित्र काढून दिलं. तू मान डोलवायचीस आणि पुन्हा तेच.

त्या शेवटच्या मंगळवारी माझा तोल गेला. "काकी, परत तुझंच पाठवलंस! तू घरी बसलेली, तुझं ठिकाण कळून त्याला काय करायचंय? तू कुठे हरवणार आहेस?" सगळे हसले. शेवंती हसली, मास्तर हसले. मी हसवलं म्हणून हसले. तू फोन कमरेला खोचलास, उठताना भिंतीचा आधार घेतलास. "झाला तुझा शिकवन?" म्हणालीस आणि गेलीस. शुक्रवारी आली नाहीस. मला वाटलं, येईल. रुसली आहे, तिसऱ्या दिवशी पेडवे घेऊन येईल आणि भाव वाढवून सांगेल.

सोमवारी तू गेलीस.

त्या सोमवारचं मी कुणाशी बोललेली नाही. सकाळी समुद्र चांगला होता, दुपारनंतर वारा फिरला. मी अंगणातले कपडे काढत होते तेव्हा शेवंतीचा फोन आला, साडेतीन वाजले असतील. मी धावत आले. तू पडवीत भिंतीला टेकून, एक पाय दुमडलेला, फोन मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वय झालं होतं, त्रास झाला नसेल, असं सगळे म्हणत राहिले. शेवंती पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "दुपारपासना फोनातच बगत होती गो. हाक मारलंय तरी वर बगूक नाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. काकी, मला काय वाटलं ते सांगते. मंगळवारी सगळ्यांसमोर तुला हसले, म्हणून तू हट्टाने शिकलीस. सोमवारी पहिल्यांदा नीट विलासचा ठिपका उघडलास. वारा फिरला, होडी रेंजच्या बाहेर गेली आणि ठिपका थांबला. रेंज गेली की तो थांबतो, हे मी तुला सांगितलं होतं का? मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला, तरी आठवत नाही. शेवंतीला सांगितल्याचं आठवतं. तुला सांगितलं नसेल, तर तू पाण्याच्या मधोमध थांबलेल्या त्या ठिपक्याकडे दीड-दोन तास बघत बसली होतीस. आणि डोक्यात एकच, की मी विचारलं, मी पुन्हा विचारलं.

सोळा दिवस मी हे चित्र बघते आहे. विलासला एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं, पण तोंड उघडलं नाही. त्याच्यासमोर भात वाढला, पाहुण्यांची उठबस केली, पण ते विचारलं नाही. तेव्हापासून वर्ग बंदच ठेवला. मास्तर विचारायला आले तर सांगितलं की दु:खामुळे. खरं म्हणजे मला त्या खोलीत जाऊन कुणाचं बोट धरून काही दाबायला लावायची भीती वाटत होती.

काल संध्याकाळी ग्रंथालय बंद केल्यावर मी दार आतून लावलं आणि तुझा फोन चार्जरला जोडला. होडी काढली, सरळ खाली, आडवं, सरळ वर. उघडला.

तुझी आणि विलासची बोलणी समोर होती, जिथे तू सोडलीस तिथेच. मी वर सरकवत गेले. विलासची ठिकाणं शोधत होते. दोन सापडली, दोन्ही वर्गाच्या दिवसांची, मी समोर बसून मागवलेली. बाकी सगळी तुझी. पहाटे पाच पन्नास, पडवी, आठ तास. पहाटे सहा दहा, पडवी, आठ तास. पानांमागून पानं, दोन वर्षांची. ज्या ज्या दिवशी होडी गेली त्या त्या दिवशी. आणि प्रत्येकाखाली तुझा आवाज, दोन-तीन सेकंदांचा. मी एक लावला.

"मी हंयच आसंय."

दुसरा लावला. मागे कोंबडा ओरडत होता. "मी हंयच आसंय." तिसराही तोच, मी इथेच आहे. मी सात-आठ ऐकले आणि मग मला ऐकवेनात.

त्या सोमवारी मात्र दोन होती. एक पहाटेचं, रोजचं. त्याचे आठ तास संपले आणि दुपारी पावणेदोनला तू दुसरं पाठवलंस. असं आधी कधी केलं नव्हतंस. वारा फिरला होता. त्याखाली आवाज नव्हता.

मी तो फोन घेऊन तशीच तुझ्या घरी गेले. विलास ओट्यावर जाळ्याचं भोक सांधत बसला होता. मी फोन त्याच्यासमोर धरला आणि पहिल्यांदा विचारलं, "त्या दिवशी तू तिला तुझं ठिकाण पाठवलं होतंस का?"

"नाय," तो म्हणाला. "तुमी वर्गातना मागवल्लात ती दोन सोडून कधीच पाठवूक नाय. तुमी सांगितल्लात म्हणान पयल्या दिवशी मी पाठवणार होतंय. आये म्हणाली, तुझो नको. माका तुझो बगूचो नाय." त्याने सुई खाली ठेवली. "दर्यात गेल्यावर आमी खूण बगतो, बाई. देवळाचो कळस, तो उंच माड, डोंगराचा टोक. त्यावरना कळता, आपण खंय आसंव. आये म्हणाली, तशी मी एक. तू माका बग."

दोन वर्षं मी तुझी ही चूक दुरुस्त करत होते.

मग त्याने पुढचं सांगितलं, आणि ते मला तुला सांगायचंच आहे, कारण त्यावरून आपलं भांडण अर्धवट राहिलंय. त्या संध्याकाळी सातच्या सुमारास कुणकेश्वरासमोर त्यांना रेंज आली. फोन वाजायच्या आधी त्याने सवयीने नकाशा उघडला. तुझा ठिपका पडवीत होता. "मी सगळ्यांका म्हटलंय, आये बसलेली आसा, चला." वाऱ्याने सगळे दमलेले होते. त्या ठिपक्यावर नजर ठेवून त्यांनी होडी किनाऱ्याकडे वळवली. आणि मग एकामागून एक फोन वाजायला लागले.

"तिका जावन तीन तास होवन गेले होते, बाई," विलास म्हणाला.

मी हे तुम्हाला शिकवलं. माणूस गेलेलं फोनला कळत नाही, तो आठ तास तसाच सांगत राहतो, हा विचार कधी माझ्या मनाला शिवला नव्हता. मी विलासला म्हटलं, मला माफ कर, तो ठिपका खोटा होता.

त्याने मान हलवली. "खोटो कसो? ती थंयच होती. तुमीच ठेवल्लात मां, मी येयपर्यंत."

हो, काकी. शेवंतीने समई लावली होती आणि आम्ही तुला पडवीतून हलवलं नव्हतं, विलास येईपर्यंत.

तो परत सांधायला लागला. घर रिकामं होतं. लग्न जमलं नाही त्याचं, तुला त्याचाच घोर होता. मी उठले तेव्हा तो खाली बघूनच म्हणाला, "उद्यापासून घरात कोण नाय." त्याने काही मागितलं नाही. तुझ्यासारखाच आहे, मागणार नाही. मी म्हटलं, "मी येते सकाळी."

घरी येऊन मात्र माझी पाचावर धारण बसली. त्या फोनवरून मी बटण दाबायचं? तुझ्या नावाने? तो ठिपका लागला आणि त्याच दिवशी काही झालं तर? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. विश्वास नाही आणि तरी भीती वाटते, हे कुणाला सांगायचं? तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, भिया आणि कर.

एक आठवण मध्येच येते आहे, येऊ दे. एकदा वर्गात सगळे गेल्यावर तू नकाशा उघडून म्हणालीस, तुझा म्हायार दाखव. मी तुझं बोट धरून आचऱ्यावरून आत नेलं, डोंगराखाली, वैभववाडीपर्यंत. तू तेवढं अंतर बोटाने परत मोजलंस, येताना आणि जाताना. "इतक्या लांबसून इलंस गो," म्हणालीस, आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास. वीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. तुला तिकडे न्यायचं मी कबूल केलं होतं. नेलं नाही. तू म्हणायचीस, थंय दर्या नाय, मी सकाळी बगू काय? पण आली असतीस, मला माहीत आहे.

आज पहाटे साडेपाचला मी तुझ्या पडवीत येऊन बसले. तुझी जागा सोडून जरा बाजूला. विलास आतून जाळं आणि डबा घेऊन आला, पायरी उतरला आणि माझ्या तोंडून गेलंच असतं. "कुठे" पर्यंत आलं होतं, काकी. मी जीभ चावली. त्याला कळलं. अंधारात नीट दिसलं नाही, पण तो हसला असावा. मग चालू लागला, मागे न बघता. मी होडी काढली, तुझा फोन उघडला, आठ तास निवडले आणि डोळे मिटून दाबलं. डोळे उघडले तेव्हा ठिपका तुझ्या पडवीत होता.

तेव्हापासून इथेच आहे. हे लिहिते आहे. शेवंती चहा देऊन गेली, काही विचारलं नाही. आता अकरा वाजत आलेत. वारा फारसा नाही, पण माडाचा झाप हलला तरी मी मान वर करते. अंगणापलीकडे जायचंसुद्धा धाडस होत नाही. अशी तू दोन वर्षं रोज बसत होतीस का? त्याआधीची इतकी वर्षं, ठिपक्याशिवाय? त्या सोमवारी पावणेदोनला, ते दुसरं पाठवलंस तेव्हा, तू किती घाबरली होतीस? फोनमध्ये हे कुठेच नाही. मी शोधलं. शेवंती म्हणते, फोनातच बगत होती. काय बघत होतीस, ते मला कधीच कळणार नाही आणि त्याची भीती माझ्यापाशी राहणार आहे. ती मी घेते.

मंगळवारी वर्ग उघडेन. जे तुला हसले होते त्यांना, आणि ज्या बाईने त्यांना हसवलं तिलाही, मी सांगणार आहे की तू चुकत नव्हतीस. मग त्यांना तसं पाठवायला शिकवेन. माझ्याइतकं ते कुणाला जमणार नाही, कारण मी ते तुझ्याकडून शिकले आहे.

मघाशी मी ते माइकचं बटण दाबून विलासला आवाज पाठवला. तुझी भाषा माझ्या तोंडी अजून नीट बसत नाही, तू हसली असतीस. पोचला की नाही, अजून कळत नाही. रेंज नसेल.

आणि तुला विचारायचं ओठांवर आहे, सोळा दिवस आहे. पण जाणाऱ्याला ते विचारायचं नसतं, तू सांगितलंस ना. नाही विचारत. माझं तेवढं सांगते.

मी हंयच आसंय, काकी.